कोर्टावरची हळद

उकडत्या हळदीचा वास सुटला की माझं मन खायला लागतं. बाकीच्यांना या वासानं काय काय आठवतं. कुणाला लग्न, कुणाला बाजार, कुणाला नुसतीच भूक लागते. मला गुडघा आठवतो, आणि तोही माझा नाही, सिद्धार्थचा. परवा सकाळी अंगणात दात घासत उभा होतो, तर वरच्या आळीकडून तो ओला, मातकट, घशाला जरा झोंबणारा वास आला. कुणीतरी हळद उकडायचा हंगामातला पहिला कुकर लावला होता. मी चूळ भरली आणि आत जाऊन चहा मागितला.

हिंगोली जिल्ह्यात, हट्टा गावाच्या अलीकडे, रस्त्याला लागून आमचं गाव आहे. उन्हं तापू लागली की दोन-अडीच महिने गावात पिवळ्याशिवाय दुसरा रंग नसतो. बायकांचे तळपाय पिवळे, पोरांची नाकं पिवळी, चहाच्या टपरीवरचे ग्लास धरून धरून पिवळे. कुत्रीसुद्धा पिवळ्या पायांनी हिंडतात. हळद काढायची, उकडायची आणि मग उन्हात पसरून खडखडीत वाळवायची. वाळवायला स्वच्छ, सपाट, मोठी जागा लागते. आमच्या गावातली अशी जागा म्हणजे बास्केटबॉलचं कोर्ट.

या कोर्टाची जन्मकथा गावात अजून हसत हसत सांगतात. गावानं मागितला होता हळद वाळवायला सिमेंटचा ओटा. ओट्याला पैसा नाही, खेळाला आहे, असं वरून उत्तर आलं. मग ओट्याच्या जागी कोर्ट आलं. दोन्ही टोकांना खांब उभे राहिले, त्यांना कड्या आणि जाळ्या लागल्या, तेव्हा पारावरच्या म्हाताऱ्यांनी विचारलं होतं की बूड नसलेल्या टोपल्यांचा उपयोग काय. उपयोग कुणालाच माहीत नव्हता. पण सिमेंट होतं, सपाट होतं. गाव म्हणालं, मागितला ओटा आणि आला ओटाच, खांब वरून फुकट. पहिल्याच वर्षी त्यावर हळद पसरली गेली. नंतर पाळ्या पडल्या. एकेका घरानं आपली पाळी आली की हळद पसरायची, वाळली की भरायची, कोर्ट खराट्यानं झाडायचं आणि पाण्यानं धुऊन पुढच्याला द्यायचं. खेळणाऱ्यांना कुणी पाळी दिली नव्हती. उरेल ते त्यांचं.

उरलेल्या वेळात आम्ही खेळायला शिकलो. शाळेतल्या पीटीच्या सरांनी शिकवलं. आम्ही कॉलेजात जाईपर्यंत गावाचा संघ असा झाला होता की हिंगोलीपासून नांदेडपर्यंत लोक ओळखायचे. बाळापूरची पोरं आम्हाला 'हळकुंडं' म्हणायची, कारण आमचा बॉल, बूट, सगळंच पिवळट असायचं. आम्हाला राग यायचा, पण मॅच जिंकली की त्याच नावाची ऐट वाटायची.

संघ चालायचा सिद्धार्थवर. बॉल मागून घेऊन येणारा, कुणाला कुठे द्यायचा ते ठरवणारा, आणि कुणीच मोकळं नसलं तर स्वतः घुसून टाकणारा. त्याचे वडील एसटीत कंडक्टर, आई अंगणवाडीत. शेत नाही. हळदीचा हंगाम आला की बाकी आम्ही सगळे आपापल्या रानात कामाला लागायचो. तो एकटाच कोर्टाच्या कडेला मांडीवर बॉल घेऊन बसायचा, दुसऱ्यांचं पीक वाळायची वाट बघत. एखाद्या खांबाखाली मोकळी जागा दिसली तर तेवढ्यातल्या तेवढ्यात टाकत राहायचा. बॉल हळदीत गेला की बायका ओरडायच्या आणि तो माफी मागून उचलून आणायचा. ते बघताना मला कधी काही वाटलं नाही. आता वाटतं, आणि आता वाटून काय उपयोग.

त्या वर्षी शेवटची पाळी आमची होती. बोअर आटले होते, प्यायला टँकर येत होता. कोर्ट धुवायला पाणी कोण देणार? सगळ्याच घरांनी त्या वर्षी नुसतं झाडून पुढच्याला दिलं होतं. आप्पा, म्हणजे माझे वडील, म्हणाले, झाडून घे म्हणजे झालं. शिवाय हळद घासायचं ड्रमचं मशीन आम्ही कोर्टाच्या कडेलाच लावलं होतं. त्यातून उडालेली पूड इतकी बारीक असते की जमिनीवर दिसत नाही, हात फिरवला तरच हाताला लागते. मी खराटा मारला, दोनदा मारला, आणि सगळ्यांना निरोप पाठवला की कोर्ट मोकळं झालं.

संध्याकाळी खेळ सुरू झाला. महिना-दीड महिन्यानं बॉल हातात आला म्हणून सगळेच उधळले होते. सिद्धार्थनं उजवीकडून धाव घेतली, उडाला, बॉल जाळीतून गेला आणि तो खाली आला. डावा पाय टेकला तिथे थांबला नाही, पुढे गेला, आणि गुडघा जागीच पिरगाळला. ओली फांदी मोडावी तसा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला. बसून त्यानं आधी बुटाचा तळ हातानं पुसून बघितला आणि हात सरांना दाखवला.

ज्याच्या घरी हळदीचं एक बोट पिकत नव्हतं त्याचाच पाय हळदीवरून गेला.

त्याच्या आईनं त्या संध्याकाळी काय केलं असेल? हळद गरम करून गुडघ्यावर लेप लावला. दुसरं घरात होतं काय! मग शेजारच्या गावच्या एका माणसाकडे नेलं, त्यानं ओढून बसवल्यासारखं केलं आणि गुडघा दुधीभोपळ्याएवढा सुजला. शेवटी नांदेड. डॉक्टरांनी सांगितलं की आतली दोरी तुटली आहे, ऑपरेशन करावं लागेल, आणि पुन्हा खेळायचं म्हणाल तर वर्ष धरून चाला, तेही व्यायाम नेटानं केला तर.

गावात मला कुणी बोल लावला नाही. सगळ्यांनीच धुतलं नव्हतं, त्यामुळे बोलणार कोण? पारावर एकमतानं ठरलं की दोष पाण्याचा. सगळ्या गावाचं असलं की ते कुणाच्याच अंगाला लागत नाही. पण शेवटची पाळी आमची होती, खराटा माझ्या हातात होता आणि निरोप मी पाठवला होता. मी सिद्धार्थला हे सगळं पहिल्याच आठवड्यात सांगितलं. तो म्हणाला, मला ठाऊक आहे, आता ती उशी दे इकडं.

वर्षभर मी त्याला मोटरसायकलवर नांदेडला व्यायामाला नेत होतो. घरीही त्याचा व्यायाम चाले. ट्रॅक्टरच्या जुन्या ट्यूबची पट्टी खाटेच्या पायाला बांधून तो पाय ताणायचा, भिंतीला पाठ लावून खुर्चीत बसल्यासारखा अधांतरी बसायचा, मांड्या थरथरेपर्यंत. त्याची डावी मांडी इतकी वाळली होती की माझा दंड तिच्यापेक्षा जाड दिसायचा. मी बाजूला बसून ते बघायचो आणि त्याची आई चहा आणायची. मावशींनी कधी एका शब्दानं टोचलं नाही. एकदा कप हातात देत त्यांनी आपुलकीनं विचारलं, "यंदा हळद चांगली वाळली व्हती का रे लेकरा, भाव भेटला का?" चांगलीच वाळली होती. चहा तसाच हातात धरून मी मान हलवली.

आणि याच्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. सिद्धार्थची जागा मला मिळाली. सरांनी बॉल आणायचं काम माझ्याकडे दिलं, कप्तानही मलाच केलं. मी त्याच्याएवढा चांगला नव्हतो, पण वाईटही नव्हतो. हिंगोलीला मॅच जिंकली तेव्हा लोकांनी माझं नाव घेऊन आरडाओरडा केला. मला ते आवडलं. घरी येईपर्यंत ते आवडणं अंगात होतं, आणि दुसऱ्या दिवशी तोच मी नांदेडच्या रस्त्यावर त्याला मागे बसवून खड्डे चुकवत होतो. तो मागून मॅचचं सगळं विचारायचा आणि माझ्या चुका काढायचा. डाव्या हातानं काहून आणला न्हाईस, म्हणायचा. तो शिकवत होता, आणि मी त्याच्याच जागेवर कसं टिकायचं हे त्याच्याकडून शिकत होतो.

मग पुढचा हंगाम आला. मला आठवणारा हंगाम तो.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला होता, विहिरीला पाणी होतं. प्रत्येक पाळी संपली की मी ट्रॅक्टरला टाकी जोडून कोर्टावर पाणी नेत होतो, आमची पाळी असो वा नसो. लोक हसायचे. दिगंबर म्हशी धूत नाही पण कोर्टाला रोज आंघोळ घालतो, म्हणायचे. मी गुडघ्यावर बसून हातानं सिमेंट चाचपायचो. खाई त्याला खवखवे, दुसरं काय. आप्पा हे बघत होते. त्या वर्षी ड्रमचं मशीन त्यांनी स्वतःहून रानात नेऊन लावलं.

सिद्धार्थ पळायला लागला होता. डॉक्टरांनी खेळायला परवानगी दिली आणि एका संध्याकाळी तो कोर्टावर उतरला. गुडघ्याला काळी पट्टी, चेहरा नवरदेवासारखा गंभीर. आणि आम्ही सगळे एकाएकी सभ्य झालो. तो बॉल घेऊन निघाला की समोरचा बाजूला सरकायचा. तो उडाला की कुणी हात वर करायचा नाही. जावई जेवायला बसल्यासारखं सगळे त्याला वाढत होते. तो टाकायचा, बॉल जाळीतून जायचा, आम्ही टाळ्या वाजवायचो. त्याचं तोंड मात्र दिवसेंदिवस उतरत होतं, आणि आम्हाला वाटायचं दुखत असेल.

नांदेडच्या खुल्या स्पर्धा उन्हाळ्यात असतात. संघाची अवस्था बरी नव्हती. सगळ्यात उंच पोरगा भरतीत निघून गेला होता. लांबून हमखास टाकणारा पुण्याच्या कंपनीत लागला होता आणि सुट्टी मिळेल तेव्हा येतो म्हणत होता, म्हणजे येणार नव्हता. उरलेल्यांत दोघं उंच पण आळशी, बाकी चपळ पण बुटके. सरांनी मला बोलावून विचारलं की सिद्धार्थला पहिल्या पाचात घ्यायचं का, तू रोज बघतोस, तू सांग. मी सांगितलं की घ्या, माझ्या जागी घ्या, मी बाहेर बसतो. हे बोलताना मला किती मोकळं वाटलं म्हणून सांगू! सरांनी चष्मा काढून पुसला आणि विचारलं, त्याला विचारलंस का. मी म्हणालो, त्याला कशाला विचारायचं.

दुसऱ्या दिवशी तो आमच्या रानात आला. कुकरची वाफ सुटलेली होती, मी उकडलेली हळद उपसत होतो. तो वाफेच्या पलीकडे उभा राहिला आणि म्हणाला, "तू बाहेर बसून मला घेऊन राहिला म्हणे."

"तुझीच जागा हाये ती," मी म्हणालो.

"गुडघा बघून दिली का खेळ बघून?"

मी फावड्यानं हळद उपसत राहिलो.

"उद्या सकाळी कोर्टावर ये," तो म्हणाला. "दोघंच खेळू. अन् हातचं राखून खेळलास ना दिग्या, तर पुन्हा तुझ्यासंगं खेळणार न्हाई. बोलणारबी न्हाई."

तो पाय न लंगडता बांधावरून निघून गेला. मला कळून चुकलं की मी वर्षभर त्याला मदत केली, पण त्याच्याबरोबर एकदाही खेळलो नव्हतो.

सकाळी अर्ध्या कोर्टावर कुणाची तरी हळद ताडपत्रीखाली होती, अर्धं मोकळं होतं. तेवढं पुरे होतं, एकाच खांबाचा खेळ. सर कडेला उभे राहिले. तो पहिल्यांदा बॉल घेऊन आला आणि माझे पाय आपोआप बाजूला सरले. खरं सांगतो, मी ठरवून सोडलं नाही, पायांना सवयच लागली होती. त्यानं टाकायचा बॉल टाकला नाही. वळला आणि माझ्या छातीवर फेकून मारला. छाती चांगलीच चुरचुरली.

मग मी खेळलो. त्याच्या अंगाला अंग लावून उभा राहिलो, खांदा दिला, हातातून बॉल काढून घेतला. त्याची नजर पूर्वीसारखीच होती, तो मला फसवायचा तिकडंच फसवत होता, पण डोकं सांगत होतं ते पाय अर्ध्या क्षणानं उशिरा ऐकत होते. तेवढा वेळ मला पुरत होता. मी त्याच्या डोक्यावरून जाळीत एकामागून एक टाकत गेलो. बाजूला हळद उघडायला आलेल्या बायका काम सोडून बघत होत्या. त्यांतली एक दुसरीला म्हणाली की हा काय माणूस आहे का कोण, आजारी लेकराशी असं वागतात का. मला ऐकू आलं, आणि मी पुढचाही टाकला.

शेवटी तो सगळा जोर लावून घुसला. मी आडवा गेलो. आमची टक्कर झाली, बॉल त्याच्या हातातून सुटून रेषेबाहेर गेला आणि तो डाव्या कुशीवर धाडकन सिमेंटवर पडला. बायकांनी तोंडाला पदर लावला. सर दोन पावलं पुढे आले. मी वाकलो, त्याच्या काखेत हात घालायला.

"हात लावू नको," तो खालूनच म्हणाला. "बॉल कोणाचा?"

त्याचं कोपर सोललं होतं. तो माझ्याकडे बघत होता, आणि त्याला कशाचं उत्तर हवं आहे ते मला कळत होतं. मला उचलायचं होतं त्याला. त्या क्षणी माझं सगळं रान, सगळी हळद देऊन टाकावी आणि त्याला उचलावं असं वाटत होतं. पण नियमानं बघितलं तर बॉल त्याच्या हाताला लागून बाहेर गेला होता.

"माझा," मी म्हणालो.

तो हात टेकून, गुडघा वाकवून, आपला आपण उठला. गुडघ्यानं साथ दिली. उठून त्यानं चड्डी झटकली आणि माझ्यासमोर येऊन दोन्ही हात पसरून उभा राहिला. वर्षभरात पहिल्यांदा तो हसत होता.

मी जिंकलो. सरांनी माझ्याकडे बघितलं तेव्हा मी त्याच्यादेखत सांगितलं की सर, यंदा नको, याचे पाय अजून मागे आहेत. सरांनी त्याच्याकडे बघितलं. तो म्हणाला, बराबर बोलून राहिला तो. त्यानंतर मी शेताकडे गेलो, आणि वाटेत विहिरीजवळ बसून रडलो. हळदीनं त्याचा गुडघा घेतला होता, तोही न कळत. जागा मात्र मी डोळे उघडे ठेवून घेतली होती. बरोबर होतं हे ठाऊक असूनही मन खायचं ते खातच राहिलं. पहिल्या अपराधाला निदान पाण्याचं निमित्त होतं.

नांदेडला तो आमच्याबरोबर आला. साध्या कपड्यांत बाकावर बसला आणि बाटल्या भरून देत राहिला. आम्ही तिथे फार टिकलो नाही. परत येताना जीपमध्ये तो खिडकीला डोकं टेकून शांत झोपला होता. मी जागा होतो.

पुढच्या पावसाळ्यात तो रोज पहाटे हट्ट्याच्या रस्त्यानं पळताना दिसायचा. मी गोठ्यातून बघायचो. आप्पांची पाठ धरली होती, शेताचं सगळं माझ्यावर आलं होतं. लग्नही झालं. बायको सुगरण निघाली, त्याचा परिणाम पोटावर दिसू लागला. कोर्टावर जाणं दिवसाआड झालं, मग जमेल तसं झालं. गेलो की सिद्धार्थशी खेळायचो, अंगाला अंग लावून. कधी तो जिंकायचा, कधी मी. दिवाळीनंतर मी जिंकल्याचं मला आठवत नाही. पण वास आला की मन खायचं ते खायचंच. वाटायचं, हे देणं असं फिटणारं नाही.

यंदा संघ बरा आहे. शाळेतून दोन चांगली उंच पोरं वर आली आहेत, पुण्याचा खरंच सुट्टी घेऊन येतो म्हणाला आहे. कप्तान कोण, हे सरांनी विचारलं तेव्हा सगळ्यांनी एका तोंडानं सिद्धार्थचं नाव घेतलं. मीही घेतलं.

काल संध्याकाळी खेळ संपल्यावर तो कडेला बुटाच्या नाड्या सोडत बसला होता. मला बस म्हणाला. मी बसलो. अजून धापा टाकत होतो.

"यंदा पाचात तू न्हाईस," तो म्हणाला. "राखीव धरून बारातबी न्हाईस. सरांला सांगितलं मी."

"काहून?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"दम न्हाई राहिला तुझ्यात. तू मागं पळत येईस्तोवर समोरचा टाकून मोकळा व्हतो." त्यानं माझ्याकडे सरळ बघितलं. आवाज मऊ केला नाही, पाठीवर हात ठेवला नाही, मोटरसायकलचं, नांदेडचं, कशाचं नाव काढलं नाही. नाड्या सोडल्या, बूट पिशवीत टाकले आणि उद्या लवकर ये, नव्या पोरांना सराव द्यायला कुणीतरी लागतं, असं सांगून निघून गेला.

मला राग आला. घरापर्यंत मी मनातल्या मनात त्याच्याशी भांडत होतो. वर्षभर तुला मागे बसवून कोण नेत होतं, कोर्ट कुणी धुतलं, ट्यूब कुणी आणून दिली, सगळं सगळं काढलं. घरी आईनं ताट वाढलं आणि तोंड का असं म्हणून विचारलं. मी सांगितलं की संघातून काढलं मला. ती म्हणाली, अगं बाई, वाईट झालं. आणि पहिला घास तोंडात असतानाच माझ्या लक्षात आलं की खरंच, किती दिवसांनी मला त्याच्यासाठी नाही, माझ्यासाठी वाईट वाटत होतं.